विश्लेषण : किनाऱ्यावर पहारा हवाच, पण प्रत्येक फोनची चावी सरकारला कशासाठी?

श्रीवर्धनहून दिवेआगरला किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा रस्ता शेखाडीवरून जातो. सुट्टीच्या दिवशी पर्यटक तेथे गाड्या थांबवतात, समुद्राचे फोटो काढतात आणि जागच्या जागी व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळे होतात. याच शेखाडीच्या किनाऱ्यावर फेब्रुवारी १९९३ मध्ये रात्रीच्या अंधारात आरडीएक्स उतरवले गेले. १२ मार्चला मुंबईत एकामागोमाग एक बॉम्बस्फोट झाले आणि २५७ माणसांचा जीव गेला.

तेव्हापासून सुरक्षेचा विषय निघाला की रायगडच्या किनाऱ्याचे नाव निघते. गस्त वाढली, चौक्या झाल्या, बोटींची नोंदणी झाली. आता हा विषय समुद्रावरून सरकत सरकत प्रत्येकाच्या खिशातल्या फोनपर्यंत आला आहे. देशविरोधी माणसे एन्क्रिप्टेड मेसेज वापरतात, पोलिसांना ते वाचता येत नाहीत, म्हणून कंपन्यांनी सरकारला वाट करून द्यावी, असा हा युक्तिवाद आहे. ऐकायला तो सरळ वाटतो. मात्र ज्या किनाऱ्याचा दाखला त्यासाठी दिला जातो, त्या किनाऱ्याचा अनुभव नेमका उलट आहे.

१९९३ मध्ये काय चुकले?

संदेश वाचता आले नाहीत म्हणून आरडीएक्स उतरले, असे झाले नाही. तेव्हा मोबाइल नव्हते, व्हॉट्सॲप तर फार दूरची गोष्ट. शेखाडीच्या आधी, ९ जानेवारी १९९३ रोजी दिघीच्या जेट्टीवर तस्करीचा माल उतरला होता. तो घेऊन निघालेली वाहने गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवली. अडवली, पण सोडली. लाचेची रक्कम ठरली आणि ती हाती येईपर्यंत चांदीच्या विटा तारण म्हणून ठेवून घेण्यात आल्या. कस्टम आणि पोलीस खात्यातील माणसे या कटात सामील असल्याचे टाडा न्यायालयात सिद्ध झाले आणि मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या यंत्रणांवर कडक शब्दांत ठपका ठेवला.

म्हणजे पहारेकऱ्याला सगळे दिसत होते. तो विकला गेला होता.

२६ नोव्हेंबर २००८ ची गोष्ट वेगळी, पण धडा त्याच दिशेचा. ‘कुबेर’ ही गुजरातची बोट ताब्यात घेऊन दहा जण मुंबईच्या मच्छीमार नगरात उतरले. तेथे कोळ्यांनी त्यांना हटकलेही होते. समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो, ताजसारखी हॉटेले लक्ष्य असू शकतात, अशा सूचना आधी आलेल्या होत्या. राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीने या सूचनांवर पद्धतशीर काम झाले नाही, हे नोंदवले. हल्ला चालू असताना पाकिस्तानातून इंटरनेटवरून येणारे फोन तर तपास यंत्रणा प्रत्यक्ष ऐकत होत्या आणि ध्वनिमुद्रितही करत होत्या. कान होते, फायलीही होत्या. अभाव होता तो मिळालेल्या माहितीवर वेळेत काही करण्याचा.

आणि १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरला ‘लेडी हान’ नावाची बोट तीन एके-४७ रायफलींसह सापडली, तेव्हा सबंध राज्य हादरले. तपासात बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची निघाली; मस्कतहून युरोपकडे जाताना ती बिघडली, माणसे वाचवली गेली आणि रिकामी बोट वाहत वाहत इकडे लागली. ही बोट सापडली ती किनाऱ्यावरच्या माणसांच्या डोळ्यांमुळे. कोणाचा मेसेज फोडून नव्हे.

एन्क्रिप्शन म्हणजे नेमके काय?

बोटीवरच्या वायरलेस सेटचे उदाहरण घेतले तर हे पटकन कळेल. व्हीएचएफ सेटवर एक तांडेल बोलला की टप्प्यातल्या सगळ्या बोटी ऐकतात. संकटात तेच हवे असते. सोळा नंबरच्या चॅनलवर मदतीची हाक द्यावी आणि जवळच्याने धावून यावे, यासाठीच ती सोय आहे. पण सुरमईचा थवा कुठे लागला, हे कोणताही शहाणा तांडेल वायरलेसवर सांगत नाही. भावाला सांगायचे असेल तर फोन करतो किंवा मेसेज टाकतो. त्यात गुन्हा काही नाही. धंद्याचे गुपित आहे, इतकेच.

एन्क्रिप्टेड मेसेज असा चालतो : प्रत्येक फोनकडे एक कुलूप आणि एक चावी असते. कुलपे मोकळेपणाने सगळ्यांना वाटलेली असतात, चावी मात्र फोनबाहेर जात नाही. अलिबागच्या मुलीने पनवेलच्या आईला मेसेज पाठवला की तिचा फोन आईचे कुलूप लावून तो बंद करतो. वाटेत मोबाइल कंपनी आहे, व्हॉट्सॲपचा सर्व्हर आहे, कदाचित कोणी चोरून बघणाराही आहे. सगळ्यांच्या हाती पडते ती बंद पेटी. उघडते ती फक्त आईच्या फोनमध्ये. म्हणून याला ‘एंड टू एंड’ म्हणतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. व्हॉट्सॲपने ही सोय २०१६ मध्ये सगळ्यांसाठी सुरू केली. सिग्नल हे ॲप त्याच तंत्रावर उभे आहे. बँकेचे ॲप, यूपीआयचे व्यवहार, डॉक्टरकडून येणारे रिपोर्ट, सगळे कुठल्या ना कुठल्या एन्क्रिप्शनच्या भरवशावर चालते.

यात एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. पेटी बंद असली तरी ती कोणी, कोणाला, कधी पाठवली, हे बाहेरून दिसते. कॉल रेकॉर्ड, टॉवरची जागा, आयपी पत्ता, बँक खाते, सिमकार्ड कोणाच्या नावावर, हे पोलिसांना मिळते आणि बहुतेक तपास त्यावरच चालतात. ‘एन्क्रिप्शनमुळे पोलीस आंधळे झाले’ हे वाक्य म्हणूनच जरा सावधपणे ऐकावे.

सध्याचा कायदा काय म्हणतो?

फोन टॅपिंगचा मूळ कायदा १८८५ चा, तार खात्याचा. इंग्रजांनी तो केला आणि स्वतंत्र भारताने तो जपून ठेवला. १९९६ मध्ये पीयूसीएल या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने त्याला काही बंधने घातली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ ने हाच अधिकार संगणक आणि मोबाइलमधल्या माहितीपर्यंत नेला. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने दहा यंत्रणांना त्याखाली अधिकार दिले. माहिती उलगडून देण्यात मदत करायला नकार दिला तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि ती फक्त कंपनीलाच नाही, सामान्य वापरकर्त्यालाही लागू होऊ शकते.

२०२३ च्या दूरसंचार कायद्याने तारेचा कायदा मागे टाकला. त्याच्या कलम २० मध्ये संदेश अडवण्याचा आणि तो ‘वाचता येईल अशा स्वरूपात’ उघड करायला लावण्याचा अधिकार आहे. व्हॉट्सॲपसारखी ॲप या कायद्यात येत नाहीत, असे मंत्र्यांनी सांगितले. मात्र ‘संदेश’ आणि ‘दूरसंचार’ या शब्दांच्या कायद्यातील व्याख्या इतक्या ऐसपैस आहेत की उद्याचा मंत्री वेगळे म्हणू शकतो. तोंडी आश्वासनापेक्षा छापील व्याख्या जास्त टिकते.

या कायद्याखालचे नियम ६ डिसेंबर २०२४ ला आले. परवानगी देणार गृह सचिव : केंद्राचे किंवा राज्याचे. आदेश ६० दिवसांचा, वाढवत १८० दिवसांपर्यंत. तातडीच्या वेळी खालचा वरिष्ठ अधिकारीही आदेश देऊ शकतो, सात दिवसांत त्याला मान्यता घ्यायची. देखरेखीसाठी पुनरावलोकन समिती आहे; राज्यात तिचे प्रमुख मुख्य सचिव. दोन महिन्यांतून एकदा तिने बसायचे. शेवटी कागद नष्ट करायचे.

या सगळ्या साखळीत न्यायाधीश कुठेच नाही. मागणारे सरकार, देणारे सरकार, तपासणारे सरकार. ज्याचा फोन ऐकला गेला त्याला आधी सोडाच, नंतरही कळवण्याची तरतूद नाही.

समिती काय तपासते, याचा अंदाज न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने दिला. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी करणारे हेच ते श्रीकृष्ण. बॉम्बस्फोटांची पार्श्वभूमीही त्यांच्या आयोगाच्या कक्षेत होती. तेव्हा दहशतवाद म्हणजे काय हे या न्यायमूर्तींना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. विदा संरक्षणावरील त्यांच्या समितीने २०१८ च्या अहवालात लिहिले की पुनरावलोकन समितीपुढे एकेका बैठकीत १५ ते १८ हजार आदेश असतात आणि ते तपासणे वास्तवात शक्य नाही. साधा हिशेब करावा. आठ तास न उठता बैठक चालली तरी सेकंद होतात २८ हजार ८००. एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. रेशन दुकानात अंगठा उमटायला याहून जास्त वेळ लागतो.

महाराष्ट्रात याचा गैरवापर झाला आहे का?

२०२१ मध्ये नाना पटोले यांनी विधानसभेत आरोप केला की आपला फोन ‘अमजद खान’ या नावाने टॅप केला गेला. इतर नेत्यांचीही नावे पुढे आली. चौकशी समिती नेमली गेली, २०२२ मध्ये एका वरिष्ठ आयपीएस अधिकाऱ्यावर गुन्हे नोंदले गेले, सरकार बदलले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयात ते गुन्हे रद्द झाले. कोण बरोबर, कोण चूक, हा वाद बाजूला ठेवला तरी एक प्रश्न उरतो. विधानसभेत बसणाऱ्या माणसाला आपला फोन ऐकला गेल्याचे इतक्या उशिरा आणि इतक्या आडवळणाने कळत असेल, तर मुरूडच्या शिक्षकाला किंवा उरणच्या प्रकल्पग्रस्ताला ते कसे कळणार?

दुसरे प्रकरण गाजले नाही, पण महत्त्वाचे आहे. लाचेच्या आरोपात सीबीआयने मुंबईच्या एका उद्योजकाचे फोन २००९-१० मध्ये टॅप केले होते. विनीत कुमार विरुद्ध सीबीआय या खटल्यात २२ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने टॅपिंगचे तिन्ही आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितले. सार्वजनिक आणीबाणी नव्हती, सार्वजनिक सुरक्षेला धोकाही नव्हता, मग फोन ऐकलाच कसा, असा न्यायालयाचा रोख होता. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला, त्याचा आधार येथे कामी आला. तरीही दाद मिळायला दहा वर्षे लागली, आणि तीही खटला उभा राहिल्यामुळे टॅपिंग उघड झाले म्हणून. ज्यांच्यावर खटलाच झाला नाही, त्यांना दाद मागायची वाट तरी कुठे आहे?

मग अफवा पसरवणाऱ्यांना पकडायचे कसे?

एन्क्रिप्शनच्या विरोधातला सर्वांत भक्कम मुद्दा महाराष्ट्रातूनच आला, आणि तो झटकून टाकता येणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशा व्हॉट्सॲपवरच्या अफवांनी डोकी भडकली होती. त्यानंतर केंद्राने व्हॉट्सॲपकडे मागणी केली : मेसेज पहिल्यांदा कोणी पाठवला ते सांगा. हीच मागणी फेब्रुवारी २०२१ च्या आयटी नियमांत ‘पहिला प्रेषक’ म्हणून आली. पाच वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गंभीर गुन्ह्यांत, सार्वजनिक सुव्यवस्थेच्या प्रकरणांत हे विचारले जाईल, मजकूर मागणार नाही, असे सरकारचे म्हणणे आहे.

अडचण कामाच्या पद्धतीत आहे. उद्या कोणता मेसेज विचारला जाईल हे आज माहीत नसते. म्हणून कंपनीला रोजच्या सगळ्या मेसेजवर, सगळ्या माणसांच्या, आजपासूनच खूण करून ठेवावी लागेल. एका चोराचा माग काढायला गावातल्या प्रत्येकाच्या पायाला घुंगरू बांधावे, तसे. व्हॉट्सॲप मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी सांगितले की एन्क्रिप्शन मोडायला लावले तर कंपनीला भारत सोडावा लागेल. या कंपनीला लोकांच्या खासगीपणाचा उमाळा आला आहे, असे मानण्याचे कारण नाही. तिची मालक मेटा कंपनी माहितीवरच पैसा कमावते. पण वकील कोणाचा आहे यावरून मुद्दा खोटा ठरत नाही.

याच नियमात एक छोटी ओळ आहे, ती रायगडच्या किनाऱ्याने मुद्दाम वाचावी. पहिला प्रेषक परदेशात असेल, तर भारतात ज्याने तो मेसेज पहिल्यांदा पाठवला तोच पहिला प्रेषक मानला जाईल. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या भागांत घरटी कोणी ना कोणी आखातात आहे. दुबईच्या पोराने ‘हे खरे आहे का बघ’ म्हणून एखादा व्हिडीओ आईला पाठवला, आईने काळजीपोटी तो बहिणीला पाठवला, तर कायद्याच्या कागदावर सुरुवात त्या आईपासून होते. शिवाय खरा खोडसाळ माणूस मजकूर नव्याने टाइप करतो किंवा स्क्रीनशॉट काढतो. माग तुटतो. सापडतो तो भोळा.

राईनपाड्याला काय घडले तेही आठवावे. त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारले गेले. मारणाऱ्यांचे चेहरे व्हिडीओत होते. अफवा अनेक दिवस राज्यभर फिरत होत्या आणि त्या उघडपणे फिरत होत्या. गावात वेळेवर पोलीस, सरपंच, दवंडी, एवढ्यावर ते जीव वाचण्याची शक्यता होती. फॉरवर्डवर मर्यादा घालण्याचा उपाय व्हॉट्सॲपने नंतर केला. त्यासाठी कोणाची पेटी फोडावी लागली नाही.

सरकारसाठी ठेवलेली वाट फक्त सरकारच वापरेल?

आजवरचा अनुभव तसा नाही. ग्रीसमध्ये २००४-०५ च्या सुमारास व्होडाफोनच्या यंत्रणेत कायदेशीर टॅपिंगसाठी असलेल्या सोयीत कोणीतरी घुसले आणि खुद्द पंतप्रधानांसह शंभरावर लोकांचे फोन महिनोन्महिने ऐकत राहिले. २०२४ मध्ये अमेरिकेत उघड झाले की ‘सॉल्ट टायफून’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, चीनशी संबंधित हॅकरांनी तिथल्या मोठ्या दूरसंचार कंपन्यांत शिरकाव केला आणि न्यायालयीन आदेशाने होणाऱ्या टॅपिंगच्या यंत्रणेपर्यंतही ते पोहोचले. त्यानंतर तिथल्या सायबर सुरक्षा अधिकाऱ्यांनीच लोकांना एन्क्रिप्टेड मेसेज वापरण्याचा सल्ला दिला. वर्षानुवर्षे एन्क्रिप्शनवर डोळे वटारणाऱ्या यंत्रणेवर ही वेळ आली.

आपल्याकडे तर ज्या खात्यातल्या माणसांनी चांदीच्या विटांवर ट्रक सोडला, त्याच खात्यांच्या हाती किल्ल्यांचा जुडगा द्यायचा आहे. सगळे अधिकारी तसे नसतात, हे खरेच. पण १९९३ मध्येही सगळे तसे नव्हते.

एन्क्रिप्शन म्हणजे अभेद्य तटबंदी नव्हे, हेही सांगायला हवे. फोनमध्येच कोणी शिरले तर कुलपाचा उपयोग नाही. पेगॅसस हे इस्रायली कंपनीचे हेरगिरीचे तंत्र असेच चालते. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने जगभरातील सुमारे १,४०० जणांना त्याबाबत सावध केले. त्यात भीमा-कोरेगाव प्रकरणातील वकील होते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तांत्रिक समितीला २०२२ मध्ये तपासलेल्या २९ पैकी पाच फोनमध्ये घातक सॉफ्टवेअर आढळले. ते पेगॅससच होते असे ठामपणे सांगता आले नाही, आणि केंद्र सरकारने सहकार्य केले नाही, हे न्यायालयानेच सांगितले. याच भीमा-कोरेगाव प्रकरणातले आरोपी रायगड जिल्ह्यातल्या तळोजा तुरुंगात होते. त्यांच्यापैकी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून शिरून पुरावा म्हणून वापरलेल्या फायली ठेवल्या गेल्या, असा निष्कर्ष आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने फेब्रुवारी २०२१ मध्ये काढला. एनआयएने तो मान्य केला नाही. तरी त्यातून एक गोष्ट समोर आली : ज्या भोकातून माहिती बाहेर काढता येते, त्याच भोकातून आत काही ठेवताही येते.

लोकांच्या विरोधाने काही फरक पडतो का?

पडतो, आणि त्याची दोन ठसठशीत उदाहरणे आहेत. सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा आणला. एन्क्रिप्टेड मेसेजची साधी प्रत नागरिकांनी ९० दिवस जपून ठेवावी, मागितली की दाखवावी, असे त्यात होते. म्हणजे व्हॉट्सॲपवरचा मेसेज पुसणेही नियमभंग ठरले असते. देशभर गदारोळ झाला आणि २२ सप्टेंबरला मसुदा मागे घेण्यात आला. दुसरे उदाहरण संचार साथी ॲपचे. प्रत्येक नव्या फोनमध्ये ते आधीच घालून द्यावे, असा आदेश नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस कंपन्यांना गेला. १ डिसेंबरला बातमी फुटली आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. चोरीचा फोन शोधायला ॲप उपयोगी आहे यावर वाद नव्हता. ते कोणाच्या मर्जीने फोनमध्ये असावे, यावर होता.

दोन्ही वेळा लोक पेटले, कारण गोष्ट स्क्रीनवर दिसणारी होती. टॅपिंगचे नियम मात्र ६ डिसेंबर २०२४ ला आले तेव्हा फारसा कोणी आवाज केला नाही. त्यांचा आयकॉन फोनवर दिसत नाही. मंत्रालयातल्या एका फायलीवरची सही कोणाला दिसणार? विरोधाची खरी गरज आहे ती येथे.

किनाऱ्याची माणसे पहाऱ्याच्या विरोधात आहेत, असे कोणी म्हणू शकणार नाही. २६/११ नंतर बायोमेट्रिक ओळखपत्रे आली, बोटीला नंबर आले, वाटेत थांबवून तपासणी आली. कुरकुर करत का होईना, ते सगळे अंगवळणी पडले. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पंतप्रधानांनी मच्छीमार बोटींवर एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेचा आरंभ केला. बोट कुठे आहे हे त्यातून कळते, वादळात निरोप पोहोचतो, संकटात बटण दाबता येते. येथे पाळत आहे, पण ती बोटीवर आहे, कशासाठी आहे हे तांडेलाला माहीत आहे आणि मोबदल्यात जिवाची हमी आहे. फोनवरच्या पाळतीत यातले काहीच नाही. बोट समुद्रात जाते. फोनमध्ये मात्र घर असते.

आणि हा जिल्हा सरकारशी भांडलेलाही आहे. महामुंबई सेझसाठी जमिनी घ्यायला निघालेल्या सरकारला पेण तालुक्यातील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांचे जनमत घ्यावे लागले होते. त्या वेळच्या बैठका ओटीवर आणि देवळात झाल्या. आज तशी चळवळ उभी राहिली तर तिचा ओटा म्हणजे व्हॉट्सॲपचा ग्रुप. जमीन घेणारे सरकार आणि त्या ग्रुपमध्ये डोकावण्याची परवानगी देणारे सरकार एकच. ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हा शब्द अशा वेळी किती ताणला जातो, हे आंदोलन केलेल्या कोणालाही विचारावे.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. टॅपिंगची परवानगी न्यायाधीशाने द्यावी. तातडी असेल तर आधी ऐका, पण काही दिवसांत न्यायाधीशापुढे जा. तपास संपल्यावर, त्यात काही निघाले नसेल तर, ज्याचा फोन ऐकला त्याला कळवा. वर्षाला किती आदेश निघाले, त्यांतून किती खटले उभे राहिले, हा आकडा छापा, नाव-गाव नको. आणि एन्क्रिप्शनला हात लावू नका. एका संशयिताचा फोन न्यायालयाच्या आदेशाने जप्त करून तपासणे आणि सगळ्यांचे कुलूप कच्चे करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यातली आकड्याची मागणी सर्वांत सोपी आहे. २०१३ च्या सुमारास माहिती अधिकाराच्या एका अर्जाला उत्तर देताना केंद्रीय गृह मंत्रालयाने सांगितले होते की महिन्याला साडेसात ते नऊ हजार फोन टॅपिंगचे आदेश निघतात. पुढे कलम ६९ खालच्या आदेशांचा आकडा मागितला गेला, तेव्हा अशी आकडेवारी ठेवलीच जात नाही, असे उत्तर आले. महाराष्ट्राचे गृह सचिव वर्षाला किती आदेशांवर सह्या करतात, हा प्रश्न विधिमंडळात विचारायला एक आमदार पुरे. अलिबाग, पेण, उरण, श्रीवर्धन, चारही मतदारसंघ किनाऱ्यावरच आहेत.